आधी मागे बॅटरी मारून बघा

वाचकांचे प्रश्न : घरच्या संगणकाला दुसरा मॉनिटर

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की, घरी बसून टंकलेखन, हिशेब किंवा भाषांतर करणाऱ्याने खुर्चीनंतर दुसऱ्या मॉनिटरचा विचार करावा. त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांत एकच तक्रार आहे: सामान आणलं, जोडलं, पण पडदा काळाच. मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात अकरा वर्षं डीटीपी केलं आणि त्यानंतर आजपर्यंत लोकांच्या घरी जाऊन संगणक लावून देते आहे. अनुभवाने सांगते, यातल्या बहुतेकांना फार तर एका साध्या केबलचा खर्च येईल. सीपीयूच्या मागे बॅटरी मारून तिथे कोणत्या खोबणी आहेत एवढं आधी पाहायचं राहून गेलं आहे.

प्रश्न : मी निवृत्त माध्यमिक शिक्षक, वय ७१. आमच्या घराण्यातल्या मोडी कागदांचं एक दप्तर माझ्याकडे आहे. त्याचे मोबाइलने फोटो काढून मी देवनागरीत लिप्यंतर करतो आहे. एका खिडकीत कागद आणि दुसरीत वर्ड. सारखं इकडून तिकडे जाताना ओळ हरवते. म्हणून मुलाचा जुना चौकोनी १७ इंची मॉनिटर माळ्यावरून काढला. सीपीयूच्या निळ्या खोबणीत माझ्या २२ इंची मॉनिटरची वायर आधीच आहे, शेजारी एक चपटी खोबण रिकामी आहे. बाजारातून एका टोकाला चपटी आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी वायर ३५० रुपयांना आणली. जुन्या मॉनिटरवर ‘नो सिग्नल’ येतं. दुकानदार म्हणतो, मॉनिटर गेला, नवा घ्या. काय करू? – एक वाचक, वाई

उत्तर : सर, नवा मॉनिटर घेऊ नका. ज्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरं स्वच्छ उमटतात, त्याचा दिवाही चांगला आहे आणि पॅनेलही. आपल्यापर्यंत काही पोहोचत नाही, एवढंच तो बिचारा सांगतो आहे.

दोष वायरीत आहे. निळी खोबण म्हणजे व्हीजीए. ती १९८७ सालापासून चालत आली आहे आणि तिच्यातून चित्र विजेच्या कमीजास्त होणाऱ्या लहरींच्या रूपात जातं. चपटी खोबण म्हणजे एचडीएमआय. तिच्यातून चित्र आकड्यांच्या रूपात जातं. दोघींची भाषाच वेगळी, त्यामुळे मध्ये दुभाषा लागतो. हा दुभाषा म्हणजे एक छोटी चिप, आणि ती असलेल्या वस्तूला बाजारात कन्व्हर्टर म्हणतात. नुसत्या पिनेला पिन जोडलेल्या वायरीही दिसायला तशाच असतात, पण त्यांतून काही जात नाही. तुमची तसलीच दिसते. ती परत करा, घेतली नाही तर सोडून द्या. तिच्या जागी कन्व्हर्टर आणायलाही जाऊ नका, कारण तुम्हाला त्याची गरजच नसावी.

आता बॅटरी घ्या आणि तुमच्या २२ इंची मॉनिटरच्या पाठीमागे, खालच्या बाजूला मारा. निळ्या खोबणीच्या शेजारी चपटी खोबण आहे का? या मापाच्या बहुतेक मॉनिटरना ती असते. मॉनिटर बसवणारा माणूस खोक्यात मिळालेली निळी वायर लावून मोकळा होतो आणि चपटी खोबण वर्षानुवर्षं रिकामी राहते. ती असेल तर साधी दीड मीटरची एचडीएमआय केबल आणा, दोन्ही टोकं चपटी असलेली. १५० ते ३०० रुपयांत मिळते. तुमचा २२ इंची मॉनिटर तिने जोडा. निळी खोबण मोकळी झाली की तिच्यात जुना मॉनिटर त्याच्या स्वतःच्या निळ्या वायरीने जोडा. दोघांनाही आपापली भाषा मिळाली.

जोडण्यापूर्वी संगणक बंद करा, शटडाउन करून बटणही बंद. दोन्ही मॉनिटर आणि सीपीयू एकाच तीन पिनी बोर्डावर घ्या. एक वस्तू अर्थिंग असलेल्या जागी आणि दुसरी दोन पिनी अडॅप्टरवर असेल तर वायर लावताना बोटाला झिणझिण्या येतात, आणि तो प्रवाह खोबणीतूनही जातो. माळ्यावरून काढलेला मॉनिटर पावसाळ्यात दमट झालेला असतो, त्याला एक दिवस हवेशीर जागी उघडा ठेवून मगच वीज द्या.

निळ्या वायरीचं तोंड उजेडात धरून बघा. पाच-पाच पिनांच्या तीन रांगा दिसतील. मधल्या रांगेत एक पिन नसेल तर घाबरू नका, नववी पिन मुळातच बऱ्याच वायरींना देत नाहीत. वाकलेली पिन मात्र शोधा. शिसं काढलेल्या पेन-पेन्सिलीचं टोक तिच्यावर अलगद बसवायचं आणि हळूहळू उभं करायचं. चिमट्याने ओढली तर तुटते. पडद्याचा रंगही दोष कुठे आहे ते सांगतो. सगळं पिवळट दिसलं तर निळा रंग नेणारी पिन लागलेली नाही, गुलाबी-जांभळट दिसलं तर हिरव्याची, आणि निळसर-हिरवट दिसलं तर लालची. वायर बसली की दोन्ही बाजूंचे स्क्रू पिळा. ते न पिळल्यामुळे टेबलाला धक्का लागला की पडदा रंग बदलतो, आणि माणूस मॉनिटर दुरुस्तीला नेतो.

संगणक सुरू झाला की कीबोर्डवरची विंडोजची खूण असलेली कळ दाबून धरा आणि ‘पी’ दाबा. चार पर्याय येतील, त्यांतला ‘एक्स्टेंड’ घ्या. ‘डुप्लिकेट’ घेतलात तर दोन्हीकडे एकच चित्र दिसेल, आणि ते तुमच्या उपयोगाचं नाही. मग डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर उजवं बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. १ आणि २ असे दोन चौकोन दिसतील. ‘आयडेंटिफाय’ दाबलं की कोणता आकडा कोणत्या मॉनिटरचा ते पडद्यावरच मोठ्या अक्षरात येतं. जुना मॉनिटर टेबलावर ज्या बाजूला ठेवला असेल त्याच बाजूला त्याचा चौकोन माउसने ओढून ठेवा. चौकोनी १७ इंचीचं रेझोल्यूशन, म्हणजे आडव्या आणि उभ्या ठिपक्यांची संख्या, साधारणपणे १२८० बाय १०२४ असतं. यादीत त्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असेल. दुसरं काही निवडलं तर अक्षरं पुसट दिसतात. तरीही चित्र एका अंगाला सरकलं असेल तर मॉनिटरवरचं ‘ऑटो’ बटण एकदा दाबा.

आता तुमच्या खऱ्या कामाकडे येते, कारण या पत्राने मला थांबवलं. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात. नजर एकदा उचलली की कुठे होतो ते सापडत नाही. छापखान्यात आम्ही हस्तलिखित उभ्या फळीवर लावायचो आणि त्याच्यावर एक पट्टी ठेवायचो. ओळ झाली की पट्टी एक घर खाली. तीच पट्टी पडद्यावर करता येते.

सगळे फोटो एका फोल्डरमध्ये क्रमाने ठेवा, सगळे निवडा, उजवं बटण दाबून ‘प्रिंट’ म्हणा, आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ घ्या. त्याच चौकटीत खाली ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ लिहिलेलं असतं. त्याच्यापुढची खूण काढायला विसरू नका, नाहीतर कागदाच्या कडा कापल्या जातात, आणि मोडी कागदाच्या कडेला एखादा शेरा असतोच. ही पीडीएफ ब्राउझरमध्ये मोठी करून उघडा. चालू ओळ नेहमी खिडकीच्या वरच्या कडेला लागेल अशी ठेवा. वाचून झालेल्या ओळी कडेच्या वर गेल्या, की ती कड हीच तुमची पट्टी. माउस नुसता कागदावर नेऊन चाक फिरवलं तरी कागद सरकतो. क्लिक करायची गरज नाही, टायपिंगचा कर्सर वर्डमध्येच राहतो. विंडोज १० आणि ११ मध्ये ही सोय मुळातच चालू असते. फोटो दाखवणाऱ्या ॲपमध्ये मात्र चाकाने चित्र लहान-मोठं होतं, म्हणून पीडीएफची ही खटपट.

आणखी एक. कागद २२ इंची मॉनिटरवर ठेवा आणि टायपिंग जुन्यावर. बहुतेक जण उलट करतात. जुन्या पडद्यावर फिकट तपकिरी शाई आणि पिवळा कागद एकमेकांत मिसळून जातात. शिवाय तुमची नजर जास्त वेळ कागदावर असणार, तेव्हा कागद नाकासमोर हवा आणि वर्ड थोडं बाजूला, तुमच्याकडे वळवलेलं. लिप्यंतर पूर्ण झालं की मला जरूर कळवा. अशी दप्तरं घराघरांत माळ्यावर पडून आहेत आणि वाचणारे हात कमी होत चालले आहेत.

प्रश्न : मुलाने गेमसाठी संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवून घेतलं. माझ्या शिकवणीच्या कामासाठी दुसरा मॉनिटर घेतला, तो मागच्या एचडीएमआयमध्ये लावला, पण काळाच राहतो. पहिला व्यवस्थित चालतो. – एक वाचक, पनवेल

उत्तर : बॅटरी मारलीत तर मागे खोबणींचे दोन गट दिसतील. एक वरच्या बाजूला, माउस-कीबोर्डच्या पिनांशेजारी उभा, तो मदरबोर्डचा. दुसरा खाली आडवा, तो कार्डाचा. कार्ड बसवलं की बऱ्याच संगणकांत मदरबोर्डच्या खोबणी आपोआप बंद होतात. तुमचा दुसरा मॉनिटर वरच्या गटात गेला आहे. दोन्ही मॉनिटर खालच्या, आडव्या गटात घ्या.

तिथे एचडीएमआय एकच असेल आणि बाकीच्या खोबणी तशाच दिसणाऱ्या, पण एकच कोपरा कापलेल्या असतील, तर ते डिस्प्लेपोर्ट. ‘डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय’ केबल घ्या. ती एकाच दिशेने चालते: डिस्प्लेपोर्टचं टोक संगणकाकडे, एचडीएमआयचं मॉनिटरकडे. डिस्प्लेपोर्टची पिन काढताना वरची कळ दाबा. बऱ्याच पिनांना दोन बारीक हुक असतात, ओढाताण केली तर खोबणच उखडते. मी एक महागडं कार्ड असं गेलेलं पाहिलं आहे आणि त्या घरातल्या मुलाचा चेहरा अजून आठवतो.

प्रश्न : एका एचडीएमआयचे दोन करणारा स्प्लिटर घेतला. दोन्ही मॉनिटरवर तेच दिसतं. सेटिंगमध्ये ‘एक्स्टेंड’ घेतलं तरी फरक नाही. – एक वाचक भगिनी, इचलकरंजी

उत्तर : ताई, स्प्लिटर एका चित्राच्या दोन प्रती काढतो, बस्स. संगणकाला वाटतं मॉनिटर एकच आहे, म्हणून ‘एक्स्टेंड’ला धरायला दुसरं काही सापडत नाही. दुकानातल्या टीव्हींच्या रांगेसाठी तो बरोबर आहे, तुमच्या हिशेबाच्या कामासाठी नाही. प्रत्येक मॉनिटरला संगणकातून स्वतंत्र खोबण हवी. सीपीयूच्या मागे निळी, पांढरी (डीव्हीआय) किंवा कोपरा कापलेली खोबण रिकामी असेल तर ती वापरा. काहीच नसेल तर यूएसबीला लावायचा डिस्प्लेलिंक अडॅप्टर मिळतो. त्याचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर घालावं लागतं. पत्रकं आणि हिशेब यांना तो उत्तम, गेमला नाही.

प्रश्न : लॅपटॉपला मॉनिटर लावला आणि आवाजच गेला. स्पीकर खराब झाला का? – एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : नाही. एचडीएमआयमधून चित्राबरोबर आवाजही जातो आणि विंडोज तो परस्पर मॉनिटरकडे वळवतं. तुझ्या मॉनिटरला स्पीकर नसणार. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या खुणेवर क्लिक कर, आवाजाच्या पट्टीशेजारच्या बाणाने यादी उघड आणि लॅपटॉपचा स्पीकर निवड.

प्रश्न : दोन मॉनिटर लावून महिना झाला. उजवीकडचा मान दुखवतो. शिवाय माउस एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना मध्येच भिंतीला आपटल्यासारखा अडतो, आणि एकच फाइल लॅपटॉपवर मोठी व मॉनिटरवर बारीक दिसते. मी घरून वैद्यकीय टंकलेखन करते, रोज सात तास. – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : ताई, सात तास म्हणजे मान आधी. दोन्ही पडदे सारखे वापरत असाल तर दोघांचा सांधा नाकासमोर आणा आणि दोन्ही आतल्या बाजूला वळवा, उघडलेल्या पुस्तकासारखे. एक जास्त वापरत असाल तर तो नाकासमोर आणि दुसरा त्याला चिकटून. ताठ बसून हात पुढे केला की बोटं पडद्याला टेकावीत एवढं अंतर, आणि पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली. लॅपटॉप नेहमीच खाली राहतो. त्याच्याखाली जाड पुस्तकं ठेवा आणि वेगळा कीबोर्ड घ्या. दोन्ही पडद्यांच्या वरच्या कडा एका रेषेत येऊ द्या. चाळिशीचा चष्मा दुहेरी भिंगाचा असेल तर मॉनिटर आणखी थोडा खाली घ्या, नाहीतर वाचायला हनुवटी वर उचलत राहाल. पुष्कळदा मानेचं दुखणं तिथूनच सुरू होतं, आणि सगळे खुर्चीला दोष देतात.

माउस अडतो कारण सेटिंगमधले चौकोन वर-खाली झाले आहेत. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये जिथे दोन चौकोन एकमेकांना चिकटले आहेत तेवढंच दार उघडं असतं. जिथे एकाची कड दुसऱ्याच्या पुढे गेली आहे तिथे भिंत. प्रत्यक्ष टेबलावर जसे आहेत तसेच चौकोन सरकवा.

अक्षरांचं कारण ठिपक्यांच्या दाटीत आहे. १५.६ इंची फुल एचडी लॅपटॉपमध्ये एका इंचात साधारण १४१ ठिपके बसतात, २२ इंची फुल एचडी मॉनिटरमध्ये सुमारे १००. ठिपका मोठा म्हणजे अक्षर मोठं दिसायला हवं, मग तुमच्याकडे उलट का? कारण विंडोजने लॅपटॉपला १५० टक्के ‘स्केल’ दिला असणार आणि मॉनिटरला १००. मॉनिटरच्या चौकोनावर क्लिक करून त्याचा ‘स्केल’ १२५ करा. प्रत्येक मॉनिटरचा स्केल वेगळा ठेवता येतो. रेझोल्यूशनला हात लावू नका, त्याने अक्षरं मोठी होतात पण धूसर होतात, आणि जोडाक्षरं वाचताना डोळे लवकर दमतात.

प्रश्न : दुसरा मॉनिटर काढून ठेवला, तर हिशेबाच्या सॉफ्टवेअरची एक खिडकी उघडते पण दिसतच नाही. खाली पट्टीवर नाव असतं. – एक वाचक, बार्शी

उत्तर : ती खिडकी अजून त्या काढलेल्या मॉनिटरच्या जागी उघडते आहे. खालच्या पट्टीवर तिच्यावर क्लिक करा, मग विंडोजची कळ आणि शिफ्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबा. नाही आली तर ऑल्ट आणि स्पेसबार एकत्र दाबा, मग ‘एम’, मग कोणताही एक बाण, आणि आता माउस हलवा. खिडकी माउसला चिकटून येईल. दुसरा मॉनिटर पुन्हा लावाल तेव्हा विंडोजची कळ, शिफ्ट आणि बाण हेच खिडकी इकडून तिकडे पाठवायला वापरा. ओढत नेण्यापेक्षा हे फार सोपं पडतं.

प्रश्न : मी मस्कतला नोकरीला आहे. एम१ चिपचा मॅकबुक एअर आहे. टाइप-सी डॉक आणि दोन मॉनिटर घेतले. एकच चालतो, किंवा दोन्हींवर तेच चित्र येतं. – एक वाचक, मस्कत

उत्तर : डॉक, म्हणजे एका खोबणीच्या अनेक खोबणी करणारा डबा, खराब नाही. २०२० सालचा एम१ एअर बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो, ही त्या चिपचीच मर्यादा आहे. दुसरा हवाच असेल तर डिस्प्लेलिंकवाला डॉक घ्या आणि त्याचं सॉफ्टवेअर घाला. खरेदीआधी खोक्यावर हे नाव आहे का ते पाहा. विंडोज लॅपटॉपवाल्यांनीही लक्षात ठेवावं, प्रत्येक टाइप-सी खोबणीतून चित्र येत नाही. खोबणीशेजारी डिस्प्लेपोर्टची ‘डी’सारखी खूण किंवा थंडरबोल्टची वीज असेल तर येतं. काहीच नसेल तर ती फक्त चार्जिंगची किंवा पेनड्राइव्हची असू शकते, तेव्हा आधी लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बघून घ्या.

प्रश्न : मॉनिटरऐवजी घरातला ३२ इंची टीव्ही लावला तर चालेल का? खालची पट्टी टीव्हीच्या बाहेर जाते. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : लांबून बघायला चालेल, रोज टाइप करायला नको. ३२ इंचीतल्या बऱ्याच टीव्हींचं रेझोल्यूशन १३६६ बाय ७६८ असतं. टेबलावर समोर घेतला की ठिपके मोजता येतील आणि वेलांट्या-उकार तुटक दिसतील. पट्टी बाहेर जाते कारण टीव्ही चित्राच्या कडा थोड्या कापून दाखवतो. टीव्हीच्या रिमोटवर चित्राच्या मापाचा पर्याय शोधा. कुठे तो ‘जस्ट स्कॅन’, कुठे ‘स्क्रीन फिट’ या नावाने असतो. तो घ्या, आणि इनपुटचं नाव ‘पीसी’ असं देता येत असेल तर तेही द्या, अक्षरं लगेच स्वच्छ होतात.